खान्देशात समुद्र कसा कालवावा

प्रथम भूगोल. धुळ्याहून समुद्र गाठायचा तर कोंडाईबारीचा घाट उतरून, नवापूर ओलांडून, सुरतेच्याही पुढे जावं लागतं. सव्वादोनशे किलोमीटर धरा. जळगावकरांनी त्यात आणखी नव्वद मिळवावेत. आपली तापी मात्र तिकिटाशिवाय जाते. मुलताईला निघते, पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा यांना वाटेत सोबत घेते आणि ७२४ किलोमीटर चालून खंभातच्या आखाताला मिळते. खान्देशाने समुद्राला पाणी द्यायचं, हा व्यवहार फार जुना. परतफेड पावसाच्या रूपाने होते असं शाळेत शिकवतात. वसुलीचा अनुभव ज्याचा त्याला ठाऊक.

अशा मुलखात तुम्हाला दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची आहे. तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश फिरताना बघायचा आहे. आणि टाकीतलं थोडं पाणी दर आठवड्याला बदलावं लागतं, ही गोष्ट दुकानदाराने पैसे मोजून घेतल्यावर सांगितली आहे. हे मार्गदर्शन तुमच्यासाठी. ज्यांच्याकडे गोड्या पाण्याचे मासे आहेत त्यांनी पुढे वाचू नये. त्यांचं चांगलं चाललं आहे.

पाणी बदलायचं कशाला, हा प्रश्न घरातले विचारतीलच. उत्तर पाठ करून ठेवा: मासा खातो, घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो, टाकीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटचं पुढे काही होत नाही, ते साठत राहतं. समुद्र मोठा असल्यामुळे त्याला याचं काही वाटत नाही. तुमचा समुद्र २०० लिटरचा आहे. म्हणून आठवड्याला दहा टक्के, म्हणजे २० लिटर, काढायचं आणि तेवढंच नवं, तितकंच खारं, तितकंच कोमट पाणी घालायचं. एवढंच काम आहे. बाकी सगळं तपशील.

आणावा की बनवावा

सुरतेहून समुद्राचंच पाणी मागवलं तर? हा विचार खान्देशात प्रत्येकाच्या मनात येतो, कारण लिंबायतला किंवा उधन्याला प्रत्येकाचा एक साडू असतो. साडूभाऊ हौशी असतात, डुमसला जाऊन दोन कॅन भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतीलही. पण खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी आहे. तिथलं पाणी दिवसातून दोनदा तळापासून ढवळून निघतं, तापीचा गाळ त्यात मिसळलेला, आणि समोर हजिऱ्याचे कारखाने. ते पाणी टाकीत ओतलंत तर मासा आहे की नाही हे हात घालून बघावं लागेल. साडूभाऊंना साड्याच पाठवायला सांगा.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं ते थेट मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर. त्यांचा प्रश्न वेगळा होता, त्याला मी कौशल्य म्हणणार नाही, शेजारधर्म म्हणेन. आपल्याला उदाहरण घ्यायचं तर लंडनचं घ्यावं. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. ताजं समुद्रपाणी वरचेवर मिळेना, तेव्हा त्यांनी घरच्या मोलकरणीला उघड्या खिडकीजवळ उभं केलं आणि तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, रोज अर्धा-पाऊण तास, ओतायला लावलं. पाण्यात हवा मिसळली, प्रवाळ जगले. आज हे काम छोटा पंप करतो. तुमच्या घरच्या मावशींना सांगून पाहू नका. त्या उद्यापासून येणार नाहीत.

त्यानंतर आठच वर्षांनी, १८५४ मध्ये, फिलिप हेन्री गॉस याने समुद्र घरीच तयार करण्याची कृती छापली. चार क्षार: साधं मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. चुन्याचा अंश साध्या पाण्यात असेलच म्हणून त्याने सोडून दिला. इथे सावध राहायला हवं, कारण केळीच्या पट्ट्यातल्या हुशार माणसाच्या लगेच लक्षात येतं की यांतला पहिला क्षार किराणा दुकानात आहे, आणि मॅग्नेशियम सल्फेट व म्युरेट ऑफ पोटॅश रावेर-यावलच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळतं. मिळतं, पण ते केळीसाठी आहे. खतात शेकडा किती शुद्धता हवी याचे नियम केळीचं पोट बघून केलेले असतात. क्लाउनफिश घड टाकत नाही.

साहित्य: मीठ

एक किलो समुद्रात ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड ५५ टक्के, सोडियम ३१ टक्क्यांच्या आसपास, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि चिल्लर. मौज अशी की कुठला समुद्र जास्त खारट, कुठला कमी, पण या क्षारांचं आपसांतलं प्रमाण जवळपास सगळीकडे तेच. चॅलेंजर जहाजाने जगभर फिरून आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार याने तपासले आणि १८८४ साली हे आकड्यांनिशी दाखवून दिलं. म्हणूनच कारखान्यात समुद्राची भुकटी करून पिशवीत भरता येते. दुकानात ती रीफ सॉल्ट किंवा मरीन सॉल्ट या नावाने मिळते, आणि किंमत ऐकल्यावर प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "एवढे पैसे, मिठाला?"

मिठाला नाहीत. मिठागरात काय होतं ते बघा. पेण-उरणच्या आगरात समुद्राचं पाणी घेतात आणि उन्हात आटवतात. आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, मग मीठ धरतं. शेवटी जे कडू पाणी उरतं, ज्यात मॅग्नेशियम असतं, ते आगरी काढून टाकतो. त्याचं बरोबरच आहे, तुमच्या वरणाची चव त्याला सांभाळायची असते. म्हणजे आपण ताटात घेतो ते समुद्राचं एकच अंग. ३५ ग्रॅम खाण्याच्या मिठाने लिटरभर पाणी खारट होईल, समुद्र होणार नाही. शिवाय त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते, ती वेगळीच. पिशवीतलं मीठ घ्या. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, नेमका आकडा पिशवीवर छापलेला असतो. २० लिटरला पाऊण किलो धरा.

पिशवी उघडी ठेवू नका. मे महिन्यात खान्देशाची हवा इतकी कोरडी असते की काही होत नाही, आणि माणूस गाफील राहतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की पिशवीचा एक दगड होतो. तो दगड वजनालाही खोटा, कारण त्यात पाणी शिरलेलं असतं. जळगावच्या सराफ बाजारातून आणलेल्या काट्यावर तोललंत तरी खोटाच.

साहित्य: पाणी

इथे खरी परीक्षा. समुद्र बनवताना लोक मिठाची काळजी करतात. खान्देशात मीठ कुरिअरने येतं, पाणी येत नाही.

नळाचं पाणी चालत नाही. वाघूर धरणातून जळगावात येवो की तापीवरून नाहीतर अक्कलपाड्याहून धुळ्यात, त्याला तुरटी लागलेली असते, क्लोरीन लागलेलं असतं. आणि आपण ते चांगलं मानतो, कारण आपण मासे नाही. बोअरचं पाणी तर काळ्या दगडातून आणि काळ्या मातीतून गाळून आलेलं. बादलीला पांढरा थर धरतो तो क्षाराचा, आणि केळीला, कपाशीला टाकलेल्या युरियाचं नायट्रेटही त्यातून उतरतं. ज्या नायट्रेटपायी पाणी बदलायचं, तेच नव्या पाण्यातून घालायचं असेल तर हा सगळा खटाटोप नको.

हवं ते आर. ओ.चं पाणी, आणि त्यानंतर उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनच्या नळीतून काढलेलं. टीडीएस मोजायची पेनाएवढी पट्टी मिळते, ती शून्य दाखवेल तेव्हा थांबा. स्वयंपाकघरातला आर. ओ. आहेच की, असं म्हणाल. त्यात चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळण्याची सोय केलेली असते, म्हणून पट्टी ८०-१०० दाखवते. ती चावी बंद करा, घरात कोणाला सांगू नका. सांगितलंत तर त्याच संध्याकाळपासून सगळ्यांना चहा पाणचट लागेल.

लग्नाकार्यात येतात ते २० लिटरचे जार? कल्पना वाईट नाही, दारात आणून देतात. मात्र प्रत्येक जारला पट्टी लावा. एकाच गाडीवरच्या दोन जारांत दोन गावांचं पाणी असू शकतं.

आर. ओ. जेवढं पाणी देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट गटारात सोडतो, हे विसरू नका. २० लिटर समुद्रासाठी ६० लिटर वाया जाणार आणि ते नळ आले नाहीत त्या दिवशी जाणार. वाया जाणारी नळी बादलीत सोडा, लादी पुसायला, संडासाला वापरा. कूलरमध्ये ओताल तर आठ दिवसांत गवतावर क्षार धरेल.

साहित्य: भांडं

अन्नासाठी चालणारा प्लास्टिकचा पिंप घ्या, नवा. शेतातला निळा ड्रम धुऊन घेऊ नका. त्यात काय होतं हे शेतकऱ्याला आठवत नाही, ड्रमला आठवतं.

आणि तांबं-पितळ जवळपास फिरकू देऊ नका. आजी म्हणेल, तांब्याच्या हंड्यातलं पाणी शुद्ध. आजीचं म्हणणं खरं आहे, तांबं बारीकसारीक जीव मारतं म्हणूनच ते शुद्ध. टाकीतली कोळंबी, गोगलगाय, खेकडा यांना तांब्याचा अंशही पुरतो. पितळी तोटीसुद्धा नको. आजीशी वाद घालू नका, हंडा देवघरात नेऊन ठेवा.

कृती

पिंपात २० लिटर पाणी घ्यावे. छोटा पंप सोडून ते फिरते ठेवावे. मग मूठ-मूठ मीठ घालावे. क्रम उलटा करू नये, म्हणजे आधी मीठ टाकून वरून पाणी ओतू नये: थोड्या पाण्यात खूप मीठ झालं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खाली बसतात, पाणी पांढुरकं होतं आणि ढवळून परत येत नाही. पैसे खाली बसलेले दिसतात, एवढाच फायदा.

झाकण अर्धवट ठेवून पाणी रात्रभर फिरू द्यावे. लाइट गेली तर सकाळपर्यंत थांबावे. हाताने ढवळून "झालं झालं" म्हणणारे लोक असतात. मासा त्यांच्या घरी फार दिवस राहत नाही.

सकाळी पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे, पिंपाचा तळ दिसला पाहिजे. गारव्याचे दिवस असतील तर हीटर लावून २५-२६ अंशांवर आणावे. हसू नका. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, आणि मे महिन्यात ४५ च्या वर. प्रवाळाच्या बेटांवर वर्षभर जो फरक दोन-चार अंशांचा, तो इथे पस्तीसचा.

मोजमाप

शास्त्रोक्त साधन म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर एक थेंब ठेवायचा, डोळा लावायचा, ३५ दिसलं की बस. आधी ३५ च्याच प्रमाणित द्रावणाने तो जुळवून घ्यावा. फळप्रक्रिया कारखान्यातल्या मित्राकडचा आणू नका. तो ब्रिक्सचा असतो, साखर मोजतो, त्याच्या पट्टीवर समुद्र नाही.

साधनच नसेल तर दूधवाल्याकडे जा. चेष्टा नाही. गायीच्या दुधाची सापेक्ष घनता १.०२८ ते १.०३२ असते आणि समुद्राची १.०२५-१.०२६. दुधाच्या लॅक्टोमीटरची पट्टी दोन्हींना पुरून उरते. तो २६ च्या आसपास तरंगला तर समुद्र जमला. थोडक्यात, समुद्र म्हणजे जरा पाणी घातलेलं दूध, आणि हे ओळखण्यात दूधवाल्याइतका अनुभव कोणत्याही प्राणिशास्त्रज्ञाला नाही. हे काम अडीअडचणीचं समजा. सूक्ष्म हिशेबाला लॅक्टोमीटर पुरत नाही, आणि दूधवाल्याला परत देताना धुऊन द्या.

कैऱ्या मुरवताना मिठाच्या पाण्यात अंडं सोडून बघायची जुनी परीक्षा मात्र इथे लावू नका. ताजं अंडं तरंगायला समुद्राच्या तिप्पट खारट पाणी लागतं. अंडं तरंगलं तर तुम्ही लोणचं घालताय.

काढणं आणि घालणं

जुनं पाणी काढायला नळी. एक टोक टाकीत, दुसरं खाली बादलीत, एकदा पाणी नळीतून चालू झालं की ते स्वतःच उतरत राहतं. या बाबतीत खान्देशाला न्यूनगंड असू नये. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं पांझरेच्या पात्राखालून पाट नेणारा नळांचा सायफन, धुळे भागात. पावसाळ्यात रेती-गाळ येऊन काम बंद पडायचं, तरी त्यांनी ते पुरं केलं. तुमची नळी एका बाजूला टाकीत आणि दुसरीकडे बादलीत आहे. जमेल.

काढलेलं पाणी गटारात. तुळशीला नको, केळीला नको, अंगणातल्या लिंबाला नको. सोडियमने काळी माती चोपण होते, मग ती पाणी आत घेत नाही.

नवं पाणी घालण्याआधी दोन्ही पाण्यांचा खारटपणा आणि तापमान जुळलं आहे ना ते बघा आणि हळू ओता. नवा मासा आणला असेल तर त्याच्या पिशवीत टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडा. औषधाच्या दुकानातला सलाइनचा सेट यासाठी उत्तम. शेजारी बघतील आणि माशाला काय झालं म्हणून विचारायला येतील, त्यांना चहा द्या.

मे महिना

पुस्तकं जिथे लिहिली जातात तिथे हा महिना नसतो, म्हणून हा भाग त्यांत सापडणार नाही.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचवा भाग कमी असतो. ३० अंशांपुढे मासे वर येऊन तोंड मारू लागतात. पाणी थंड करणारं चिलर यंत्र मिळतं, पण त्याच्या किमतीत फ्रिज येतो. सुदैवाने आपली हवा कोरडी आहे. टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावा: एक लिटर पाणी उडून गेलं की २०० लिटरच्या टाकीतून जवळजवळ तीन अंशांची उष्णता काढून नेतं. मुंबईच्या दमट हवेत पंखा एवढं काम करत नाही. समुद्रकाठच्या माणसाला यंत्र घ्यावं लागतं आणि भुसावळच्या माणसाचं पंख्यावर भागतं, हा आपल्या उन्हाचा एकमेव मोठेपणा मला सापडला आहे.

त्याची किंमत पाण्यात द्यावी लागते. पंखा लावलेल्या टाकीतून मे महिन्यात दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती शून्य टीडीएसच्या साध्या पाण्याची, कालवलेल्या खाऱ्या पाण्याची कधीही नाही. नवशिके इथेच चुकतात: टाकी खाली गेली म्हणून खारं पाणी ओततात आणि खारटपणा चढत जातो. काहीच ओतलं नाही तरी तेच. पाच लिटर रोज असे सात दिवस गेले की ३५ चा आकडा ४२ वर पोचतो, आणि तांबडा समुद्रही इतका खारट नसतो.

रोजची भर घालायला परदेशी स्वयंचलित यंत्रं मिळतात. जळगावात राहून ती मागवणं शोभत नाही. ठिबकच्या गावात ताशी चार लिटरचा ड्रिपर कोणाच्याही शेडमध्ये पडलेला असतो, नवा घेतला तरी चहाहून स्वस्त. उंचावर कॅन ठेवा, नळी लावा. पाण्याला उंचीचा दाब कमी पडतो, म्हणून आधी बाटली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. मग रोज सकाळी तेवढा वेळ चालू करा आणि बंद करा. बंद करायचं विसरलात तर खाली सतरंजी आहे.

आता हिशेब. आठवड्याला बदलायला २० लिटर, उडालेलं भरायला ३०-३५ लिटर. म्हणजे मे महिन्यात खान्देशातला समुद्र जेवढं पाणी बदलायला मागतो, त्याच्या दीडपटीहून जास्त हवेला पाजायला मागतो. आर. ओ.चं वाया जाणारं धरा, तर आठवड्याला दीड-दोनशे लिटर. हा आकडा टाकी आणण्याआधी घरात सांगावा, नंतर सांगितला तर त्याला फसवणूक म्हणतात.

नेहमीच्या शंका

"हाई काय शे रे भो?" हा प्रश्न गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा विचारेल. समुद्र आहे, असं सांगावं. खायचे कधी, हा पुढचा प्रश्न. त्याला उत्तर नाही.

जिवंत प्रवाळ आणता येतील का? नाही. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाच्या यादीत आहेत. कोणी गुपचूप विकायला आलं तर घेऊ नये. क्लाउनफिशचं तसं नाही. त्यांची पैदास कशी करायची हे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्याकडेच बसवून दाखवलं आहे. टाकीत वाढवलेला मासा मागावा, समुद्रातून पकडलेला नको.

पाणी बदलायचा वार चुकला तर चालेल? एखादा चालेल. चार चुकले तर एकदम अर्धी टाकी बदलून भरपाई करू नका, माशाला तोच धक्का बसतो.

नळच आले नाहीत तर? म्हणून कालवलेल्या पाण्याचा एक पिंप नेहमी तयार असावा, झाकलेला. लाइट गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा.

आणि एवढं वाचून ज्यांना वाटलं की आपल्याकडे मे महिन्यात आठवड्याला दोनशे लिटर पाणी सोडायला नाही, त्यांनी मन लहान करू नये. डासांच्या अळ्या खायला आरोग्य विभाग गप्पी मासे देतो. आपलं जड, क्षाराचं पाणी गप्पींना मानवतं. क्लोरीन उडायला ते एक दिवस उघडं ठेवलं की पुरे. पुढच्या वेळी नळ आले की एक बादली जास्त भरून ठेवा.